मऊ भाताची घरं

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी धोंडेमाळ वस्तीचा टायफॉइडचा आकडा आला. लाखात एक हजार तीनशे चाळीस. आदल्या गुरुवारी तो तीनशे दहा होता.

मी गणित पुन्हा चालवलं. तोच आकडा आला. तोवर मुजावर सर खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. ते आमच्या रोग-अनुमान केंद्राचे प्रमुख आणि मी तिथली सगळ्यात नवी संशोधक, रुजू होऊन जेमतेम सात महिने झालेली.

"रविवारी संध्याकाळी सहाला जाहीर करायचं," सर म्हणाले. "हजाराच्या वर म्हणजे लाल."

"सर, एका आठवड्यात चौपट?"

"यंत्र चुकलं असेल तर तीन दिवसांत सिद्ध कर. नसेल चुकलं, तर आकडा तो आकडा."

लाल म्हणजे काय, हे शहरात शाळकरी पोरांनाही माहीत होतं. ज्या भागात टायफॉइड हजाराच्या वर, तिथे सोमवारी सकाळी सहापासून एकवीस दिवस लसीच्या गाड्या आणि पाण्याचे टँकर आत जाणार. आणि तिथल्या कुणीही दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, खानावळीत, पाळणाघरात काम करायचं नाही. नियम एवढाच होता. पण सोसायट्यांचे वॉचमन नियम वाचत नाहीत, फोनवरचा नकाशा बघतात. नकाशा लाल झाला की त्या भागातली रद्दीवालीसुद्धा फाटकातून परत जायची. धोंडेमाळवर अठरा हजार माणसं राहत होती. घरातली बाई कुणाच्या तरी ओट्यापाशी उभी राहते म्हणून चालणारी घरं त्यांत निम्म्याहून जास्त होती.

टायफॉइड मोजणं मुळातच कटकटीचं. ताप आलेली दहा माणसं घ्या. त्यांतली चार मेडिकलमधून गोळ्या आणून घरीच बसतात. उरलेल्यांत रक्त तपासायला दोघंतिघंच जातात. आणि ज्यांच्या रक्तात जंतू खरोखर असतात त्यांच्यापैकीही तपासणीत जेमतेम निम्मेच सापडतात. म्हणजे सापडलेल्या एका रोग्यामागे न सापडलेले किती, याचा अंदाज करावा लागतो. पूर्वी त्यासाठी माणसं दारोदार हिंडून विचारायची. चार वर्षांपूर्वी 'मुंगूस' आलं आणि हिंडणं संपलं.

मुंगूस हे गटाराच्या झाकणाखाली बसवलेलं डब्याएवढं यंत्र. ते टायफॉइडचा जंतू शोधत नाही, कारण सांडपाण्यात तो फार विरळ असतो. ते शोधतं त्या जंतूला खाणारा विषाणू. हा विषाणू माणसाला काही करत नाही. त्याला फक्त टायफॉइडचा जंतू लागतो, आणि एका जंतूतून शंभर-दीडशे विषाणू बाहेर पडतात. साप दिसत नसला तरी जिथे मुंगसं पुष्कळ, तिथे साप असणारच, असा हा हिशेब. राहिला प्रश्न, गटारात किती माणसांचं सांडपाणी आलं याचा. त्यासाठी यंत्र मिरचीवरचा एक विषाणू मोजतं, कारण आपल्याकडे मिरची न खाणारं पोट नाही. मुंगसं भागिले मिरची. शहरातल्या एकशे चाळीस भागांचा टायफॉइड या भागाकारावर ठरत होता.

त्या संध्याकाळी घरी आले तर पूनमताई तुपाच्या बरणीत गरम पाणी घालून ती खळखळ हलवत होत्या. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गेले चार महिने घर पूनमताईच चालवत होत्या. त्या धोंडेमाळवर राहायच्या. बरणीतलं पाणी त्यांनी वरणात ओतलं.

"हिच्या हातून एक थेंब वाया जायचा नाही," आई म्हणाली.

"काकू, वाया घालवायला आमचं काय धरण आहे का?" पूनमताई हसल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "ताई, तुमच्या हापिसात काय बोलतायत? आमचा माळ लाल होणार म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तुमचा वॉचमन. सोमवारपासून दुसरी बाई बघा म्हणून काकूंना सांगून गेला."

सांगायची मनाई होती. मी विषय बदलला. "तुमच्याकडे ताप आहे का कुणाला?"

"माझ्या पोरीला होता दिवाळीच्या आधी. गोळ्यांनी उतरेना. मग टेकडीवरच्या बाईंचे थेंब दिले, पाचव्या दिवशी खडखडीत!"

"कसले थेंब?"

"पाण्यासारखेच असतात. ताप असेल त्यालाच द्या म्हणतात बाई, पण धाकट्यालाही देते चमचाभर, बाधू नये म्हणून. आधी थोड्याच द्यायच्या, या आठवड्यात तर सगळ्याच देतात. आणि बाटली संपली की खंगाळून माठात. तेवढंच घरादाराला."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. "या बाईंचं नाव काय?"

"उबाळे बाई. कॉलेजात शिकवायच्या ना."

मला वेगळं सांगायला नको होतं. वनिता उबाळे यांनी मला तीन वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं होतं. उत्तर बरोबर असूनही एकक लिहिलं नाही म्हणून त्या निम्मे गुण कापायच्या. "पाच काय? पाच म्हशी?" हे त्यांचं वाक्य अख्ख्या कॉलेजला पाठ होतं.

शुक्रवारी मी टेकडीवर गेले. मॅडमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बाटल्या निर्जंतुक करायचे चार प्रेशर कुकर, थर्माकोलचे खोके, आणि साध्या चिकटपट्टीने बंद केलेल्या छोट्या बाटल्या. मॅडम वाळल्या होत्या. खांद्यावर शाल होती.

"ये. उशीर केलास," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तुमचं यंत्र मला दोन महिन्यांपूर्वीच पकडेल."

"तुम्ही मुंगसं पाळताय, मॅडम."

"नाल्यातूनच धरली. औषधांना दाद न देणारा टायफॉइड आलाय इथे, तुम्हाला ठाऊक आहे. इंजेक्शनं परवडत नाहीत. मी एक्केचाळीस जणांना थेंब दिले, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बरे झाले. परवाना नाही माझ्याकडे. पुढे बोल."

"एक्केचाळीस नाही. थेंब सगळ्या माळाने घेतलेत." मी त्यांना चमचा, धाकटी भावंडं आणि माठ, सगळं सांगितलं.

त्या खाली बसल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "बाटलीवर लेबल लावलं नाही मी. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून. लेबल नाही लावलं." मग माझ्याकडे पाहिलं. "धोका कळतोय ना तुला?"

कळत होता. विषाणू गरजेपुरता दिला तर तो रोग्याच्या पोटातला जंतू संपवतो आणि स्वतःही संपतो. पण प्रत्येक माठात, प्रत्येक पोटात, महिनोन्‌महिने थोडा थोडा पसरला, तर लाखात एखादा जंतू असा निघतो ज्याच्या अंगावर विषाणूला धरायला जागाच नसते. मग तेवढाच वाढतो.

"मुंगसं घरोघर हिंडायला लागली की साप बीळ बदलतो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी उठून गॅस बारीक केला. पातेल्यात मऊ भात रटरटत होता. "दाढ दुखतेय चार दिवस," माझी नजर पाहून त्या म्हणाल्या. "रविवारचा आकडा चुकीचा आहे, हे तू सिद्ध करू शकतेस. पाळलेली मुंगसं एकाच आईची लेकरं असतात. ठसा काढ. रानातली वेगवेगळी निघतील."

"मग अहवालात तुमचं नाव लिहावं लागेल."

"लिही. तळटीप नसलेला आकडा म्हणजे अफवा."

दुपारी मी धोंडेमाळच्या नमुन्यातल्या विषाणूंचे जनुकीय ठसे काढले. शंभरातले सत्त्याण्णव हुबेहूब एकसारखे होते. ते वजा केले तर लाखात चाळीस उरले, शहरातला सगळ्यात कमी आकडा.

मुजावर सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सुटलो म्हणायचं."

"नाही सर. रानटी मुंगसं नाहीत, याचे दोन अर्थ होतात. साप नाहीत, किंवा आहेत ते मुंगसाला न खाता येणारे आहेत."

"मग खरा आकडा कुठून आणायचा?"

"जुन्या पद्धतीनं. दारोदार जाऊन."

माळावर छत्तीसशे घरं होती. दर बारावं घर घेतलं की तीनशे घरं, साधारण पंधराशे माणसं. ज्याला ताप, त्याचं रक्त घ्यायचं. हल्लीच्या बाटल्या चौदा तासांत उत्तर देतात, जंतू असला की बाटलीवरचा दिवा लागतो. सापडतील त्यांची दुप्पट करायची, कारण तपासणीतून निम्मे निसटतात. पण नमुना लहान असला की आकड्याला पसारा येतो, एक खालची कड आणि एक वरची. केंद्राचा नियम असा की सावधगिरी म्हणून रंग वरच्या कडेवरून ठरायचा. मी कागदावर मांडून पाहिलं. पंधराशे माणसांत दोन रोगी सापडले तर वरची कड नऊशे त्रेसष्ट, म्हणजे पिवळा. तीन सापडले तर अकराशे एकोणसत्तर, म्हणजे लाल.

शनिवारी सकाळी आम्ही आठ जण निघालो. पहिल्या दोन तासांत ऐंशी घरं झाली आणि ताप सापडला एकाच घरात.

"ताप? छे हो. आमच्याकडे सगळे ठणठणीत," बाया दारातूनच सांगायच्या. आतून खोकल्याचा आवाज यायचा, आणि दार लागायचं.

मी पूनमताईंना फोन केला. त्या आल्या, माझ्या मागे दोन दारं उभ्या राहिल्या आणि वैतागल्या. "असं विचारल्यावर कोण सांगेल, ताई? ताप म्हटलं की काम गेलं. सरका तुम्ही."

पुढच्या दारात त्यांनी चौकटीला हात टेकला. "काय गं मंगल, आज काय केलंस?"

"काय करणार? मऊ भात टाकलाय. मीठ न्‌ तूप."

"कुणाला?"

मंगल आत बघून हळूच म्हणाली, "ह्यांना. चार दिवस झाले."

चांगल्या पोटाचं माणूस शनिवारी सकाळी मऊ भात खात नाही. ताप लपवायचा असतो हे सगळ्यांना माहीत होतं. भात लपवायचा असतो, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आम्ही छापील प्रश्नावर काट मारली, ऐंशी घरं पुन्हा केली, आणि तक्त्यात एक नवा रकाना आखला : आज काय केलं.

मंगलच्या नवऱ्याचं रक्त घेताना तिने पूनमताईंचा हात धरला. "लाल नाही ना होणार यानं?"

"नाही गं. ताई म्हणतात यंत्र चुकलंय. हातानं मोजलं की खरं काय ते कळेल."

मी तसंच म्हणाले होते. 'खरं' आणि 'लाल नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. दारं उघडत होती. मी पुढच्या घराकडे वळले.

संध्याकाळी सहापर्यंत तीनशे घरं झाली. मऊ भाताची घरं तेवीस. तेवीस बाटल्या उबेच्या पेटीत गेल्या. मॅडम हिंडायला आल्या नव्हत्या, पाय दुखतात म्हणाल्या. बाटल्या आणि तक्ते मात्र आमची माणसं त्यांच्या घरी पोचवत होती, आणि सगळी लेबलं त्यांनीच लिहिली होती. तारीख, वेळ, मिलिलिटर.

केंद्रात बसून मी तक्ते तपासत होते. दोनशे नव्व्याण्णव ओळी भरलेल्या होत्या. एका ओळीत शेवटचा रकाना मोकळा होता.

घर क्रमांक १७६४. माणसं : एक. ताप : नाही. आज काय केलं :

अक्षर माझंच होतं. ते मॅडमचं घर. ओळखीचं, म्हणून मी दार न ठोठावताच ओळ भरली होती. आणि त्या घरात शुक्रवारी काय शिजत होतं, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

सात वाजता मी रक्त घ्यायची पिशवी घेऊन पुन्हा टेकडी चढले. मॅडमनी दार उघडलं. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, "रकाना रिकामा राहिला ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी तक्ते चाळले दुपारी. गुण कापणार होते तुझे." त्या हसल्या, पण ओठ सुकलेले होते.

"किती दिवस झाले?"

"नऊ. थेंब घेतेय रोज. रोज वाटतं, उद्या उतरेल. सगळे असंच म्हणतात, नाही का?"

त्यांनी हात पुढे केला. मनगट तापलेलं होतं. सुई लावताना मी म्हणाले, "मॅडम, तुमची बाटली मी चोविसावी म्हणून लावली नाही तरी कुणाला कळणार नाही. तुमच्यावर उपचार करू, पण तक्त्यात..."

"पूर्ण कर वाक्य."

मी सुई बाहेर काढली.

"माझं घर यादीत मी घातलं नव्हतं. बारानं भाग गेला म्हणून आलं," त्या म्हणाल्या. "कापूस दाबून धर."

रविवारी सकाळी सातच्या सुमारास पहिल्या बाटलीवरचा दिवा लागला. मंगलचा नवरा. साडेसातला दुसरी, एक शाळकरी मुलगी. नऊ वाजले, तेव्हा उरलेल्या एकवीस बाटल्यांचा वेळ उलटून गेला होता आणि त्या शांत होत्या. दोन. पिवळा. मुजावर सरांनी चहा मागवला.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी चोविसाव्या बाटलीचा दिवा लागला.

मी तिन्ही जंतू वेगवेगळ्या ताटल्यांत पसरले आणि प्रत्येकीवर मॅडमच्या थेंबांतला एकेक थेंब सोडला. ऊब दिली. साडेतीन वाजता झाकणं काढली. पहिल्या दोन ताटल्यांत थेंब पडला तिथे स्वच्छ गोल भोक होतं, विषाणूने सगळं फस्त केलेलं. तिसरी ताटली सलग दुधी होती. थेंब कुठे पडला होता, तेही ओळखू येत नव्हतं.

सर कितीतरी वेळ ती ताटली उजेडाकडे धरून उभे होते. "हा जंतू इथून बाहेर पडला तर मुंगूस त्याला कुठेच पाहणार नाही. शहरभर शून्य दाखवील."

"हो सर."

"आणि पिवळ्या भागात लसीच्या गाड्या जात नाहीत." त्यांनी ताटली हळूच खाली ठेवली. "एका माणसामुळे अठरा हजार लाल. टाइप करणार तू आहेस. मी तुला सांगणार नाही."

मी टाइप केलं. धोंडेमाळ : लाखात चारशे, वरची कड अकराशे एकोणसत्तर. रंग लाल. तळटीप : यंत्राचा आकडा का रद्द केला, थेंब कुणी बनवले, तिसरा जंतू कसा वेगळा. नाव, तारीख. सहा वाजता नकाशा बदलला.

सहा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

"ताई, तुम्ही म्हणालात यंत्र चुकलंय," पूनमताई म्हणाल्या.

"यंत्र चुकलंच होतं. पण..."

"मी शब्द दिला होता दारोदार. माझं तोंड बघून दारं उघडली लोकांनी, तुमचं नाही."

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी आमच्या घराची किल्ली वॉचमनकडे होती, पाकिटात. पाकीटही आमचंच, जुनं, उलटं करून पुन्हा चिकटवलेलं.

एकवीस दिवसांत सोळा हजार लोकांना लस टोचली गेली. माठ फोडले नाहीत, सगळे उकळत्या पाण्याने धुतले. तो तिसरा जंतू आणखी चार जणांत सापडला, चौघेही माळावरच. शहरात इतरत्र कुठेही नाही. मॅडमना इस्पितळात इंजेक्शनं लागू पडली. घरी आल्या, तेव्हा दारावर चौकशीची नोटीस होती आणि आतले चारही कुकर जप्त झाले होते. त्यांनी माझा अहवाल मागवून घेतला आणि परत पाठवला. तळटिपेशेजारी पेन्सिलीने एकच शेरा होता : "ताप किती दिवस? नऊ काय?" मी 'दिवस' लिहायला विसरले होते.

बाविसाव्या दिवशी नियमाप्रमाणे फेरमोजणी होती. दर बारावं घर, पण यादी नवी. त्या यादीत पूनमताईंचं घर होतं.

त्या दारातच बसून लसूण सोलत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. तीन आठवड्यांत पाच घरांची कामं सुटली होती त्यांची, आमचं धरून सहा. आईने दोनदा फोन केला होता, त्यांनी उचलला नव्हता.

मी तक्ता उघडला. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. पण मागच्या वेळी एका ओळखीच्या घराचं दार मी ठोठावलं नव्हतं.

"आज काय केलंय?" मी विचारलं.

त्यांनी पाकळी ताटलीत टाकली, दुसरी उचलली. मग माझ्याकडे न बघता, शेजारच्या दारांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्या म्हणाल्या,

"भाकरी. आणि ठेचा, चांगला झणझणीत. सगळ्यांनी खाल्लाय, धाकट्यानंसुद्धा. लिहा."

मी लिहिलं. माणसं चार, ताप नाही. आत या, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी पुढच्या बाराव्या घराकडे निघाले, तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"ताई, तो निळा दरवाजा. तिथं काय केलंय म्हणून विचारू नका, खोटं सांगेल ती. काल काय केलं होतं ते विचारा."